मोठ्या बाई बदलल्या, की शाळाही बदलते का?



शाळेच्या मोठ्या बाई बदलणार असं कळलं की पालकांमध्ये कुजबुज सुरू होते. सरकारी शाळेत ती दोन दिवसांत विरते. तिथे बदली होते, नवे गुरुजी येतात, पुस्तकं तीच असतात आणि परीक्षाही तीच. पण काही शाळा वेगळ्या असतात. एखाद्या बाईने किंवा गुरुजींनी आपल्या विचाराने, सरकारी अनुदान न घेता उभ्या केलेल्या. तिथे छडी नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. मुलं मातीत, पानाफुलांत हात घालून शिकतात. यांना आपण प्रयोगशील शाळा म्हणतो. अशा शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या तर आईच्या पोटात गोळा येतो, आणि तो खोटा नसतो. कारण तिथली शिकवण्याची रीत छापील पुस्तकात नसते, ती त्या बाईंच्या हातात आणि डोक्यात असते. ती दुसऱ्याच्या हातात जाते कशी, किंवा का जात नाही, हे आज बघू. त्यासाठी आपल्या कोकणपट्टीच्या वरच्या टोकाला, डहाणूकडे जायचं आहे.

ताराबाई मोडक हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबईच्या पदवीधर, राजकोटला मुलींच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य. ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात लहान मुलांत बसायला गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. ती शाळा शहरातली होती आणि चांगली चालली होती. पण बालशिक्षण खेड्यातल्या गरिबाच्या पोराला मिळणार नसेल तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांना सोडेना. १९४५ च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं.

त्याच वर्षी बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं शिबिर होतं. तिथे त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताईंचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळी अशा मुलीचं पुढे काय व्हायचं ते आपल्या आज्या-पणज्यांना विचारा. अनुताई मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत नोकरीला लागल्या. ती पक्की नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या, तेव्हा त्या पस्तिशीत होत्या.

मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही. ताराबाई १९७३ साली गेल्या. म्हणजे या दोघींनी अठ्ठावीस वर्षं एकत्र काम केलं. त्या काळात ताराबाई काही वर्षं मुंबई विधिमंडळाच्या सदस्य होत्या, समित्यांवर होत्या, सतत फिरतीवर. केंद्राचं रोजचं काम अनुताईंनी पाहायचं. मुलं गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, शिकवायचं, नव्या बायांना तयार करायचं. त्यामुळे ताराबाई गेल्यानंतर 'आता कोण?' हा प्रश्न तिथे उपटसुंभासारखा आला नाही. कारभार कितीतरी आधी, रोज थोडा थोडा, दुसऱ्या हातात गेला होता. आपल्याकडे अनुताईंच्या त्यागाचं कौतुक फार होतं, व्हायलाच हवं. पण त्या नादात ताराबाईंनी जागा कशी मोकळी करून दिली हे राहून जातं.

आता त्यांनी सोपवलं काय ते बघा. मॉंटेसरी पद्धतीची साधनं महाग असतात. बोर्डीत ती परवडणार नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं यांची साधनं झाली. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथून आला. आज आपल्या गावोगावच्या अंगणवाडीच्या पाटीवर जो शब्द आहे, तोच. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथे पोरं गुरांमागे जात. मग बाई गुरं चरतात तिथे गेल्या आणि कुरणशाळा सुरू झाली.

म्हणजे जी हातात दिली ती ठरलेली पोथी नव्हती. मूल येत नसेल तर चूक मुलाची नाही, शाळेने वाट बदलायची, असा तो विचार होता. तो उचलला की नव्या बाईला नवं काही करायची मुभा मिळते. अनुताईंनी ती घेतली. ताराबाईंच्या मागे त्यांनी एकोणीस वर्षं काम केलं. १९८२ साली, सत्तरी ओलांडल्यावर, प्राध्यापक रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ग्राममंगल ही नवी संस्था काढली. १९९२ साली त्या गेल्या. ग्राममंगलचं काम मागे राहिलंच.

आपल्या पेणमध्येही कातकरी कुटुंबं भाताचं काम उरकलं की वीटभट्ट्यांवर जातात आणि पोरं त्यांच्याबरोबर जातात. कुरणशाळेची गोष्ट आपल्याला लांबची नाही.

कोल्हापूरचं एक उदाहरण थोडक्यात सांगते. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. त्यांनी वर्गात काय केलं, काय जमलं, काय फसलं, हे पुस्तकांमधून लिहून ठेवलं. २०२० साली त्या गेल्या. लिहून ठेवल्याचा फायदा असा, की उद्या आलेली शिक्षिका 'बाई असं करायच्या' या ऐकीव गोष्टीवर चालत नाही, तिला वाचून पडताळता येतं. नाहीतर 'बाई असत्या तर असं झालं नसतं' हे वाक्य नव्या माणसाला पहिल्या वर्षातच नामोहरम करतं.

बचत गटात आपण हेच अनुभवतो ना? सचिव बदलली की ठराव होतो, बँकेत सह्या बदलतात, वह्या आणि पासबुक एका दुपारी दुसरीकडे जातात. पण कोणाचा हप्ता भात विकल्यावर येतो, कोणाचा गणपतीच्या कारखान्यातला हंगाम उरकल्यावर, हे कुठल्या वहीत असतं? नव्या सचिवाला ते कळायला जुनीबरोबर दोन-चार महिने बसावं लागतं. शाळेत तर ही न लिहिलेली वही फार जाड असते.

कागदाची बाजूही समजून घ्या, कारण तिथे पालक हमखास गोंधळतात. शाळेत दोन वेगळ्या खुर्च्या असतात. एक मुख्याध्यापिकेची, दुसरी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या विश्वस्तांची. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असली आणि विश्वस्त बदलले, तर नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. नुसती मुख्याध्यापिका बदलली तर त्याची गरज नसते. पुष्कळ प्रयोगशील शाळांत संस्थापक बाई दोन्ही खुर्च्यांवर असतात. त्या एकीवरून उठल्या आणि दुसरीवर बसून राहिल्या तर नव्या बाईला रोज मागे वळून बघावं लागतं. म्हणून विचारायचं, की बाई नेमक्या कुठून निवृत्त होताहेत? फी, नेमणुका, वर्गातली पद्धत, यातलं काय नव्या बाई स्वतः ठरवणार?

शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. विनाअनुदानित शाळेला हे बंधन नाही. तिथे पालकांचा शब्द शाळेने मानला तरच चालतो. म्हणून बाई जायच्या आधीच्या वर्षात पालकसभा मागा आणि जुन्या-नव्या दोघींनाही तिथे बसवा. नव्या बाईंची पदवी जरूर विचारा, पण या शाळेत त्यांनी किती दिवस मुलांबरोबर जमिनीवर बसून काढले तेही विचारा. केवळ संस्थापकांची सून किंवा पुतण्या म्हणून कोणी पुढे येत असेल तर तेही मोकळेपणाने बोलावं.

आपल्या गावात हा विषय निघाला की कोणीतरी विनोबांचं नाव काढणारच. बरोबरच आहे. गागोद्यात जन्मलेल्या या माणसाने १९५९ साली पवनारला बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं, आणि तिथे कोणी एक प्रमुख ठेवलाच नाही. निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यायचे. आश्रमाला ते शोभतं. शाळेसाठी मात्र मला ते पुरेसं वाटत नाही. पोर रडत घरी आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी आईला कोणाच्या तरी दारात उभं राहून विचारता आलं पाहिजे, आणि त्या बाईंनी 'सगळ्यांना विचारून सांगते' म्हणून चालणार नाही. सल्ला सगळ्यांचा असावा, उत्तर देणारी एक असावी.

बदलानंतरचं पहिलं वर्ष घाई न करता बघा. गाणी बदलली, वेळापत्रक बदललं, तर बिघडत नाही. मूल सकाळी शाळेला निघताना कुरकुरतं का, बाईंना प्रश्न विचारायला घाबरतं का, जुन्या शिक्षिका एकामागून एक सोडून जाताहेत का, आणि गरिबाघरची मुलं हळूहळू कमी होताहेत का, यावर डोळा ठेवा. यातलं काही दिसलं तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबू नका, दोघी-तिघींनी मिळून जाऊन बोला.

तुमच्या वस्तीतल्या बालवाडीत असा बदल होत असेल तर गटाच्या पुढच्या बैठकीत विषय घ्या. पुढच्या वेळी आपण अंगणवाडीतल्या आहाराबद्दल बोलू. नमस्कार.