कचरा आपला, मग हात कुणाचे?

साकोलीसारख्या वाढत्या गावात कचऱ्याची चर्चा निघाली की घंटागाडी वेळेवर येते की नाही, एवढ्यावरच ती संपते. कचरा कमी कसा होईल आणि उरलेल्यात हात कोण घालणार, हे कुणी विचारत नाही. आपल्या समाजाने ते विचारलेच पाहिजे. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस आणि उष्टे अन्न सोडायला सांगितले, ते स्वाभिमानासाठी. घाण उपसणे हे कुणाचेही जन्मजात काम नाही.

वस्तू पुरेपूर वापरणे ही मात्र धम्माची शिकवण आहे. विनयपिटकात कोसंबीचा राजा उदेन आनंदांना विचारतो, दान मिळालेल्या पाचशे चीवरांचे काय करणार? आनंद सांगतात, जीर्ण चीवरे असलेल्या भिक्खूंना वाटू. मग जुन्यांचे काय? त्यांच्या चादरी, गादीच्या खोळी, अंथरुणे, पायपुसणी, फडकी होतील आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवू. आपल्या आयांची गोधडी याच वाटेने आली. पितळी भांड्यांसाठी नाव असलेल्या आपल्या भंडारा जिल्ह्यात फुटके भांडे फेकत नसत, मोडीत देत.

पुण्याचे उदाहरण बघा. 1993 साली तिथे कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. डॉ. बाबा आढावांचे तिला मार्गदर्शन लाभले. सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. पुढे कचरावेचकांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि 2008 साली महापालिकेशी करार करून ती दारोदारचा कचरा उचलू लागली. घरे महिन्याला शुल्क देतात. कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक विकून येणारा पैसाही त्या कष्टकऱ्यांचाच. उकिरड्यावर हाकलले जाणारे माणूस दारात मानाने उभे राहिले.

तरीही लोकांच्या निष्काळजीपणाने वापरलेली सॅनिटरी पॅड त्यांच्या हाती उघडी लागत. म्हणून पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका करा, अशी मोहीम त्यांना घ्यावी लागली. म्हणजे खरा प्रश्न घरातच सुटतो. ओला, सुका आणि घातक कचरा घरीच वेगळा करावा, असे 2016 च्या नियमांनीही सांगितले.

नगरपरिषदेकडे आपली मागणी स्पष्ट असावी. वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होऊ नये. सुका माल निवडायला छप्पर असलेली शेड हवी. सफाई कामगारांना हातमोजे, बूट, ओळखपत्र आणि वेळेवर पूर्ण पगार मिळावा. कबाडी आणि वेचणाऱ्या स्त्रिया यांना या कामात पहिला हक्क मिळावा.

आणि आपण? महिला मंडळाने वर्गणी काढून विहारात स्टीलची ताटे-पेले ठेवावेत. 14 एप्रिलचे भोजन असो वा लग्न, तीच वापरावीत. ती कमी पडली तर पळसाच्या पत्रावळी आहेतच. मुलांची मागच्या वर्गाची पुस्तके, लहान झालेले गणवेश विहारातच जमा करून गरजूंना द्यावेत. भाजीची देठे परसातल्या खड्ड्यात कुजवली तर खत होते.

भगिनींनो, घरात दोन डबे ठेवायला फार खर्च येत नाही. आपण कचरा वेगळा केला, तर आपल्यातल्याच कुणा बहिणीला तो हाताने चिवडावा लागणार नाही. जयभीम!