एटीव्ही चालवताय? आधी तोल समजून घ्या

चार रुंद टायर पाहिले की एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालवायची छोटी, उघडी गाडी) उलटणारच नाही, असं अनेकांना वाटतं. पण गाडी उंच आणि आखूड असते. वळणावर चालकाने अंग आत झुकवलं नाही, तर ती कलंडते. तीनचाकी एटीव्ही इतक्या उलटत की अमेरिकेत १९८८ मध्ये त्यांची नवी विक्रीच थांबली.

हेल्मेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट हवेतच. एका सीटवर एकच जण. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे सरकायचं. टायरमध्ये हवा कमी असते, म्हणून डांबरी रस्ता टाळायचा.

नागपूरकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात जास्तच जपावं लागतं. चिखल टायरच्या खाचांत लिंपून बसतो आणि पकड जाते. शेतात, धुऱ्यावर गाडी घालायची नाही.

जंगलाजवळ तर शिस्त हवीच. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइडांवर कारवाई झाली. एटीव्हीवाल्यांनीही आखलेल्या ट्रॅकवरच राहावं. वाटेत जनावर आलं, तर लांबच थांबून इंजिन बंद करावं आणि त्याला आधी जाऊ द्यावं.