सातबाऱ्यामागचा फेरफार: सॉफ्टवेअरच्या दोन रचनांचा आढावा

मोठी संगणकीय यंत्रणा एका प्रोग्रामची बनलेली नसते. निरनिराळ्या खात्यांनी, निरनिराळ्या काळात आणि निरनिराळ्या संगणकांवर उभारलेले अनेक प्रोग्राम एकमेकांशी बोलतात, तेव्हा कोठे सातबारा निघतो, पीककर्ज मंजूर होते किंवा दुकानदाराच्या खात्यात मोबाइलवरून पैसे जमा होतात. हे बोलणे कसे व्हावे, याची दोन ठळक उत्तरे संगणकशास्त्राने गेल्या तीस-चाळीस वर्षांत दिली आहेत. सेवाभिमुख रचनेत प्रत्येक प्रोग्राम आपले काम ‘सेवा’ म्हणून खुले करतो, गरज असलेला दुसरा प्रोग्राम ती सेवा मागतो आणि उत्तर येईपर्यंत बहुधा थांबून राहतो. घटनाधारित रचनेत काही घडले की ते घडल्याचे केवळ जाहीर केले जाते; ते कोणी ऐकावे आणि ऐकून काय करावे, हे जाहीर करणारा ठरवत नाही. या दोहोंची तुलना सामान्यतः वेग आणि खर्च या निकषांवर होते, पण यंत्रणेची स्मृती कोठे राहते आणि थांबण्याचा भार कोणावर पडतो, हे दोन प्रश्न त्याहून मूलगामी आहेत, आणि त्यांचा उलगडा करण्यास सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याच्या एखाद्या तलाठी सज्जाचे दप्तर पुरेसे आहे.

सेवाभिमुख रचनेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. ही संज्ञा गार्टनर या संशोधनसंस्थेच्या विश्लेषकांनी 1996 मध्ये रूढ केली. 2000 च्या आसपास ‘सोप’ हा संदेशाचा नमुना आणि ‘डब्ल्यूएसडीएल’ ही सेवेचा करार लिहिण्याची भाषा आली, आणि बँका, विमा कंपन्या व सरकारी खाती यांनी आपली जुनी सॉफ्टवेअरे या करारांच्या आधारे जोडली. करार म्हणजे कोणती माहिती दिली असता कोणती माहिती मिळेल, याचे यंत्राला वाचता येईल असे लेखी वर्णन. 2000 मध्येच रॉय फील्डिंग यांच्या प्रबंधातून ‘रेस्ट’ ही सुटसुटीत पद्धत पुढे आली आणि 2014 नंतर लहान, स्वतंत्र सेवांच्या म्हणजे मायक्रोसर्व्हिसेसच्या रचनेची चलती झाली. नावे बदलली, तरी मागणे आणि उत्तराची वाट पाहणे हा गाभा बऱ्याच अंशी तोच राहिला. या गाभ्यातच त्याची मर्यादा आहे, कारण एका कामासाठी पाच सेवा साखळीने लागत असतील आणि त्यांपैकी प्रत्येक सेवा 100 पैकी 99 वेळा चालू असेल, तर संपूर्ण काम 100 पैकी सुमारे 95 वेळाच पार पडते.

घटनाधारित विचाराच्या वाटचालीत दोन मराठी नावे ठळकपणे येतात, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नसते. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या कंपनीने 1980 च्या दशकात ‘द इन्फर्मेशन बस’ हे सॉफ्टवेअर वॉल स्ट्रीटवरील दलालांच्या कचेऱ्यांत नेले. त्यात भाव पाठवणारा प्रोग्राम तो कोणाला पाठवायचा हे जाणत नसे. तो केवळ विषयाचे नाव लावून भाव प्रसिद्ध करी आणि त्या विषयाचे वर्गणीदार असलेले प्रोग्राम तो उचलत. ही कंपनी 1994 मध्ये रॉयटर्सने घेतली आणि 1997 मध्ये तिच्यातून टिब्को ही स्वतंत्र कंपनी निघाली. दुसरे नाव पुण्यात शिकलेल्या नेहा नारखेडे यांचे. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स आणि जुन राव यांच्यासह त्यांनी घडवलेले ‘काफ्का’ 2011 मध्ये सर्वांना खुले झाले. आधीच्या संदेशवाहक सॉफ्टवेअरांत वाचलेला संदेश रांगेतून सामान्यतः नाहीसा होई. काफ्काने रांगेऐवजी नोंदवही ठेवली, जिच्यात प्रत्येक घटना क्रमाने शेवटी लिहिली जाते, लिहिलेली ओळ बदलली जात नाही आणि प्रत्येक वाचक आपण कोठवर वाचले याची खूण स्वतःजवळ ठेवतो. नोंदी जपून ठेवल्या असतील, तर उशिरा आलेला वाचकही पहिल्या ओळीपासून वाचून सद्यःस्थिती स्वतः काढू शकतो.

हे तत्त्व महसूल दप्तरात संगणकाच्या कितीतरी आधीपासून नांदत आहे. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. तिच्यात खरेदी, वारस, वाटणी, बोजा अशा प्रत्येक बदलाला अनुक्रमांक मिळतो. सातबारा हा नमुना सात आणि नमुना बारा यांचा एकत्र उतारा असून, त्यातील नमुना सातवर त्या गटाच्या हक्कांची आजची स्थिती दिसते आणि प्रत्येक नावाशेजारी ज्या फेरफाराने ते नाव आले त्याचा क्रमांक वर्तुळात लिहिलेला असतो. आठ-अ हाच तपशील खातेदारनिहाय मांडतो. संगणकाच्या परिभाषेत नमुना सहा ही घटनांची मूळ वही असून सातबाऱ्याची हक्कांची बाजू आणि आठ-अ ही तिच्यापासून काढलेली दोन दर्शने आहेत. दर्शन बिघडले तर वहीवरून ते पुन्हा तयार करता येते, पण वही हरवली तर दर्शनातून ती परत मिळत नाही. उजनी धरणाच्या पाणफुगवट्यात करमाळा तालुक्याच्या भीमाकाठची जमीन गेली. अशा जमिनीचा पूर्वीचा धनी कोण आणि तिचे पुढे काय झाले, हे शोधणाऱ्याला आजच्या उताऱ्यापेक्षा जुने फेरफार अधिक सांगतात.

घटना कळवण्याची सक्तीही कायद्यातच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 149 नुसार हक्क मिळालेल्या व्यक्तीने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला वर्दी द्यायची असते, तर कलम 154 नुसार दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःहून तलाठी व तहसीलदार यांना कळवायचे असते. दुय्यम निबंधकाने फेरफार कसा धरावा हे सांगायचे नसते, खरेदीखत नोंदले गेले एवढेच कळवायचे असते. आता हेच कळवणे नोंदणी विभागाच्या आय-सरिता प्रणालीतून ई-फेरफार प्रणालीकडे संगणकाने होते. पुढे कलम 150 प्रमाणे नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस निघते, 15 दिवस हरकतीची वाट पाहिली जाते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण नमुना सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. घटनाधारित सॉफ्टवेअरमध्ये न पचलेल्या संदेशांसाठी जी वेगळी रांग राखावी लागते, तिच्याकडे महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही असा प्रकार सर्रास घडतो. महसूल कायद्याने मात्र सहा-अ मधील प्रकरण निकाली काढणारा अधिकारी नेमून दिला आहे, आणि या एका बाबतीत जुने दप्तर पुष्कळ नव्या यंत्रणांहून शहाणे ठरते.

याच दप्तराचा दुसरा दरवाजा सेवाभिमुख आहे. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावरून मिळू लागला. करमाळा तालुक्यातील कंदरच्या केळी उत्पादकाने 15 रुपये भरून गट क्रमांक दिला की उतारा तेथल्या तेथे उतरतो. अशा मागणीला घटनेची भाषा लावण्यात अर्थ नाही, कारण विचारणाऱ्याला उत्तर आत्ता हवे असते. अडचण दोन रचना जेथे भेटतात तेथे येते. खरेदीखत झाले आणि फेरफार अद्याप प्रमाणित झालेला नाही, या मधल्या दिवसांत सातबाऱ्यावर विकणाऱ्याचेच नाव दिसते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला फसवण्यास वाव राहतो. सर्व प्रती कालांतराने जुळतील, पण या क्षणी जुळलेल्या असतीलच असे नाही, ही घटनाधारित रचनेची अंगभूत किंमत आहे. 2020 च्या नव्या नमुन्यात सातबाऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक आणि प्रलंबित फेरफाराचा उल्लेख छापला जाऊ लागला, त्याचे महत्त्व येथे कळते: उतारा आता आपण वहीच्या कोणत्या ओळीपर्यंतचा आहोत, हेही सांगतो.

पैशाच्या व्यवहारात हीच फट अधिक बोचते. मुंबईस्थित राष्ट्रीय देयक महामंडळाने 2016 मध्ये आणलेल्या यूपीआयमधून ऑगस्ट 2023 मध्ये एका महिन्यात 1000 कोटींहून अधिक व्यवहार झाले. ग्राहकाला ते मागणी-उत्तरासारखे वाटते, परंतु आत विनंती पोचल्याची पोच तत्काळ मिळते आणि खरा निकाल नंतर स्वतंत्र संदेशाने येतो. दोन्ही संदेशांची सांगड व्यवहार क्रमांकाने घातली जाते, आणि एकच संदेश दोनदा आला तरी पैसे दोनदा वळते होऊ नयेत, यासाठीही तोच क्रमांक उपयोगी पडतो. एका बँकेतून रक्कम वजा झाली आणि दुसरीत जमा झाली नाही, अशा स्थितीत चूक कोणाची हे साखळीतल्या कोणालाच लगेच दिसत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेला 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाने मुदत घालून द्यावी लागली: व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेली अशी रक्कम फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत झाली पाहिजे, अन्यथा दररोज 100 रुपये भरपाई. सुट्या भागांच्या यंत्रणेत एकसंध जबाबदारी सॉफ्टवेअरमधून आपोआप उगवत नाही, ती बाहेरून नियमाने बसवावी लागते. घटनाधारित रचनेचे गुणगान करणाऱ्या लेखनात ही बाब क्वचितच आढळते.

याउलट घटना घडूनही ती कोणी कळवत नसेल, तर उत्तम वहीसुद्धा शिळी होते. खातेदाराच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते, परंतु वारस नोंदीसाठी वारसांनीच अर्ज करण्याचा प्रघात असल्याने राज्यभर असंख्य सातबाऱ्यांवर मयत व्यक्तींची नावे वर्षानुवर्षे राहिली, आणि त्यामुळे कर्ज, नुकसानभरपाई व वाटणी अडकत गेली. मृत्यूची नोंद ही घटना आणि फेरफार ही तिची प्रतिक्रिया यांना जोडणारा दुवा दस्तनोंदणीला जसा मिळाला तसा मृत्यूनोंदीला मिळाला नव्हता. अशा वेळी उरतो तो ठरावीक काळाने जाऊन विचारत राहण्याचा मार्ग, जो सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत गैरसोयीचा समजला जातो. 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर राबवलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत नेमके हेच करावे लागले: गावोगावच्या तलाठ्यांनी चावडीवाचन केले, मयत खातेदारांच्या याद्या तयार केल्या, वारसांकडून कागदपत्रे मागवली आणि मग त्यांचे फेरफार धरले.