ज्ञानगंगा घरोघरी : चित्राची वाट आणि प्रश्नाची वाट

नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतात. या गंगेवरील गंगापूर धरणाच्या परिसरात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ‘ज्ञानगंगोत्री’ हे संकुल उभे आहे. १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे आपले ब्रीद म्हणून स्वीकारले. ज्यांना महाविद्यालयाची पायरी चढणे परिस्थितीमुळे शक्य झाले नाही, अशा शेतकऱ्यांना, कामगारांना आणि गृहिणींना त्यांच्या गावी, त्यांच्या सवडीने शिक्षण मिळावे, हा त्यामागील हेतू होय. डॉ. राम ताकवले हे या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते.

ज्ञान घरोघरी न्यावयाचे तर त्यासाठी वाहन हवे. छापील पुस्तक हे त्यातील पहिले आणि आजही सर्वांत भरवशाचे वाहन आहे. त्यानंतर ध्वनिफीत, चित्रफीत, दूरचित्रवाणी, उपग्रह आणि आता इंटरनेट अशी वाहने एकामागून एक आली. ही सर्व साधने शिक्षकाचा आवाज आणि चित्र विद्यार्थ्यापर्यंत नेतात. परंतु विद्यार्थ्याला शंका आली तर ती शिक्षकापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचावयाची? परस्परसंवादी दूरचित्रवाणीचा सारा प्रश्न या परतीच्या वाटेचा आहे. ही वाट कशी बनते, ती कोठे खुंटते आणि ती खुली ठेवण्यासाठी शाळा व ग्रामपंचायत काय करू शकतात, याचा विचार या लेखात केला आहे.

एकेरी वाटेचे युग

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. जमिनीवरील मनोऱ्यावरून होणाऱ्या प्रक्षेपणाच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. त्यामुळे सह्याद्रीच्या रांगांमागे दडलेल्या पेठ, सुरगाण्यासारख्या भागांत त्या पोहोचविणे कठीण होते. उपग्रहाने ही अडचण दूर केली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांमध्ये शिक्षण, शेती व आरोग्यविषयक कार्यक्रम दाखविण्यात आले. हा ‘साईट’ प्रयोग जगभर वाखाणला गेला. ऑगस्ट १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१बी’ अवकाशात गेला आणि दूरचित्रवाणीचा देशव्यापी विस्तार सुकर झाला. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘देशव्यापी वर्ग’ हे कार्यक्रमही सुरू झाले.

या सर्व उपक्रमांनी मोठे काम केले, यात शंका नाही. तथापि, त्यांचे स्वरूप गावातील दवंडीसारखे होते. दवंडी एकाने ऐकली काय किंवा हजारांनी ऐकली काय, देणाऱ्याचे श्रम तेवढेच. ही तिची शक्ती होय. मात्र ऐकणाऱ्याला काही विचारावयाचे असेल तर दवंडीवाला तोवर पुढच्या आळीत गेलेला असतो. प्रेक्षकाने पोस्टकार्ड लिहावे आणि उत्तराची वाट पाहावी, एवढीच सोय त्या काळी होती.

परदेशातील व शेजारचे प्रयोग

परतीची वाट खुली करण्याचा एक गाजलेला व्यापारी प्रयत्न अमेरिकेतील कोलंबस शहरात झाला. १ डिसेंबर १९७७ रोजी तेथे ‘क्यूब’ नावाची केबल सेवा सुरू झाली. प्रेक्षकाच्या हाती बटणांची एक पेटी असे. कार्यक्रम चालू असताना विचारलेल्या प्रश्नाला बटण दाबून उत्तर देता येई आणि काही क्षणांत कौल पडद्यावर दिसे. परंतु ही यंत्रणा फार खर्चाची ठरली व १९८४ मध्ये ती बंद पडली. जपानमधील हिगाशी-इकोमा येथे १९७८ मध्ये सुमारे दीडशे घरे प्रकाशतंतूंनी जोडून घरातील कॅमेऱ्याद्वारे दुतर्फा चित्रसंवाद घडविण्यात आला. तंत्र यशस्वी होते, पण ते लाखो घरांना परवडणारे नव्हते.

आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा प्रयोग खानदेशच्या उत्तरेस, मध्य प्रदेशातील आदिवासीबहुल झाबुआ जिल्ह्यात १९९६ च्या अखेरीस सुरू झाला. तेथे १५० गावांत उपग्रह-ग्रहण संच बसविण्यात आले आणि विकास गटांच्या १२ मुख्य ठिकाणी बोलण्याची सोय करण्यात आली. प्रत्येक घरात यंत्र बसविणे शक्य नाही, तर निदान गावात पडदा आणि गटाच्या ठिकाणी प्रश्न विचारण्याची सोय असावी, हा व्यवहारी मार्ग या प्रयोगाने दाखविला.

नाशिकचा वाटा

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह सोडण्यात आला. त्याचे वजन सुमारे १,९५० किलोग्रॅम होते. संपूर्ण देश व्यापणाऱ्या झोताबरोबरच पाच प्रादेशिक झोतांची त्यात योजना होती. त्यामुळे निरनिराळ्या भागांना आपापल्या भाषेत स्वतंत्र वर्ग चालविणे शक्य झाले. या योजनेची पूर्वचाचणी अगोदरच अवकाशात असलेल्या ‘इन्सॅट-३बी’ उपग्रहावरून घेण्यात आली. त्यासाठी निवडलेल्या तीन विद्यापीठांत कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि भोपाळचे राजीव गांधी तंत्रशास्त्र विद्यापीठ यांच्यासमवेत नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा समावेश होता. नाशिककरांनी अभिमानाने स्मरणात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

एज्युसॅटचे स्थान ७४ अंश पूर्व रेखांशावर होते. नाशिकचा रेखांशही जवळजवळ तोच. साहजिकच तो उपग्रह नाशिकच्या थेट दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे ६६ अंश उंचीवर होता. इतक्या उंचावरून येणाऱ्या लहरींना डोंगराची आडकाठी सहसा होत नाही. मनोऱ्यावरून जे साधत नव्हते, ते अशा रीतीने उपग्रहाने साधले.

यंत्रणा कशी चालते?

या पद्धतीत ‘अध्यापन केंद्र’, ‘मध्यवर्ती भूस्थानक’ आणि ‘अभ्यासकेंद्र’ असे तीन घटक असतात. शिक्षक अध्यापन केंद्रात कॅमेऱ्यासमोर शिकवितो. त्याचे चित्र व ध्वनी भूस्थानकातून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे जातात आणि तेथून सर्व अभ्यासकेंद्रांवर उतरतात. अभ्यासकेंद्रे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात केवळ ग्रहण करणारी छत्री असते. तेथे पाहता व ऐकता येते. दुसऱ्या प्रकारात छत्रीला प्रक्षेपक जोडलेला असतो. तेथील विद्यार्थी ‘हात वर’ करण्याचे बटण दाबतो, शिक्षकाच्या पडद्यावर त्या केंद्राचे नाव उमटते आणि शिक्षकाने अनुमती देताच विद्यार्थ्याचा प्रश्न उपग्रहामार्गे सर्व केंद्रांवर ऐकू जातो. एका मुलीने विचारलेली शंका शंभर ठिकाणी निरसन पावते, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

जाण्यायेण्याच्या ७२,००० किलोमीटरच्या प्रवासास लहरींना सुमारे पाव सेकंद लागतो. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत निदान अर्धा सेकंद जातो आणि यंत्रांमधील प्रक्रियेचा वेळ त्यात वाढतो. म्हणून शिक्षकाला किंचित थांबून बोलण्याची सवय करावी लागते. दुसरी अडचण पावसाची. लहान छत्रीवर ग्रहण करता यावे म्हणून ज्या आखूड लहरी वापरतात, त्या मुसळधार सरींमध्ये शोषल्या जातात. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या आषाढ-श्रावणातील पावसात चित्र गोठते ते यामुळे. यंत्र बिघडले असे समजून ते उघडू नये. पाऊस ओसरला की चित्र आपोआप पूर्ववत होते.

एज्युसॅटची सेवा सप्टेंबर २०१० मध्ये संपली व त्यावरील जाळी इतर उपग्रहांवर न्यावी लागली. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१३ मध्ये या योजनेचा आढावा घेताना जमिनीवरील जोडण्या, आशयनिर्मिती आणि व्यवस्थापन यांतील उणिवा दाखवून दिल्या. उपग्रहाने आपले काम केले होते. उणीव जमिनीवर राहिली होती.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या गच्चीवर अशीच एक छत्री पाहिली. वळवाच्या वाऱ्याने तिचे तोंड फिरले होते. दुरुस्ती फार तर अर्ध्या तासाची होती. परंतु ती कोणी करावयाची, हे शाळेला, पुरवठादाराला किंवा कार्यालयाला ठाऊक नव्हते. त्या वर्षी तेथील मुलांनी एकही पाठ पाहिला नाही.

घरातील पडद्याचे तीन मार्ग

आज घरातील पडद्यावर चित्र येण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला थेट उपग्रहाचा. दूरदर्शनची मासिक शुल्क नसलेली डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. ती पुढे ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ‘स्वयंप्रभा’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक वाहिन्याही उपग्रहावरूनच येतात. हा मार्ग स्वस्त व सर्वदूर आहे, पण एकेरी आहे. काही सेट-टॉप बॉक्सवर बटण दाबून माहितीची पाने निवडता येतात, तेव्हा संवाद झाल्याचा भास होतो. वास्तविक तेथे रहाटगाडगे चालू असते. सर्व पाने उपग्रहावरून पुनःपुन्हा फिरत येतात व आपल्याला हवे ते पोहरे समोर आले की पेटी ते उचलून घेते. आपली मागणी उपग्रहापर्यंत जात नाही.

दुसरा मार्ग केबलचा. केबलच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात ३१ मार्च २०१३ ही मुदत असलेल्या ३८ शहरांत नाशिक होते. केबलमधून परतीचा संदेश नेता येतो. मात्र त्यासाठी वाटेतील प्रत्येक वर्धक दुतर्फा असावा लागतो.

तिसरा मार्ग ब्रॉडबँडचा. येथे परतीची वाट मुळातच असते. परंतु दवंडीच्या जागी येथे पोस्टमन येतो, म्हणजे प्रत्येक घराला स्वतंत्र पाठ पोहोचवावा लागतो. मध्यम प्रतीच्या चित्राला सेकंदाला सुमारे ०.७ मेगाबिट इतका प्रवाह लागतो असे धरले, तर एका तासाचा पाठ सुमारे ३०० मेगाबाइटचा होतो. गावातील ३० मुलांनी तो एकाच वेळी आपापल्या मोबाईलवर पाहिला तर २१ मेगाबिटचा प्रवाह हवा. तोच पाठ शाळेतील एका पडद्यावर एकत्र पाहिला, तर तिसावा हिस्सा पुरतो. आणि विद्यार्थ्याच्या आवाजातील प्रश्नाला चित्राच्या मानाने फारच थोडा प्रवाह लागतो. प्रश्नाची वाट अरुंद असली तरी चालते. ती अखंड असणे महत्त्वाचे.

टाळेबंदीचा धडा

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा या गोष्टींची कसोटी लागली. ज्यांच्या घरी मोबाईल व जोडणी होती त्यांचे वर्ग सुरू राहिले. इतरांचे खंडित झाले. त्या काळात २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू करण्यात आली. इंटरनेट नसलेल्या घरीही ती पाहता येत होती. जुन्या एकेरी दूरचित्रवाणीची उपयुक्तता त्यातून पुन्हा सिद्ध झाली. तद्वतच, ज्या वस्त्यांवर शिक्षक किंवा शिकलेले तरुण मुलांसोबत बसले, तेथे पाठ पाहून झाल्यावर मुलाला विचारावयास कोणीतरी होते. यंत्राची परतीची वाट नव्हती तेथे माणसाने ती पुरविली.

पंचायत व शाळा यांनी काय करावे?

२०११ साली मंजूर झालेली ऑप्टिकल फायबरची राष्ट्रीय योजना २०१५ पासून ‘भारतनेट’ या नावाने राबविली जात आहे. प्रकाशतंतू ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत आणणे हा तिचा उद्देश आहे. त्या दारापासून शाळेच्या वर्गापर्यंतचे शे-दोनशे मीटर अंतर मात्र बहुधा गावालाच ओलांडावे लागते. या दृष्टीने पुढील गोष्टींकडे लक्ष पुरविणे इष्ट ठरेल.

पंचायत कार्यालयातील जोडणी शाळेपर्यंत नेण्याची तरतूद ग्रामपंचायत विकास आराखड्यात करावी. यंत्राची देखभाल कोणाकडे आहे आणि बिघाड झाल्यास कोणाला कळवावयाचे, हे नावानिशी ठरवून भिंतीवर लावावे. वीज गेल्यास पाठ बुडू नये म्हणून पाठ अगोदर उतरवून ठेवण्याची सोय करावी. वारंवार लागणारे पाठ एकदाच उतरविले की प्रवाहही वाचतो. प्रत्येक पाठानंतर पंधरा मिनिटे शंकांसाठी राखून ठेवावीत. शिक्षकाला ज्यांचे उत्तर देता येणार नाही असे प्रश्न वहीत टिपून ते ठरलेल्या दिवशी केंद्रप्रमुखांमार्फत किंवा दूरध्वनीवरून विषयतज्ज्ञांना विचारावेत. मुक्त विद्यापीठात नाव नोंदविलेल्या गावातील प्रौढ विद्यार्थ्यांना, विशेषतः स्त्रियांना, संध्याकाळी हा पडदा उपलब्ध करून द्यावा. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईला तालुक्याच्या गावी जाणे जमत नाही. शाळेपर्यंत येणे जमू शकते.

यातील बहुतेक कामांना मोठा निधी लागत नाही. जबाबदारी निश्चित करावी लागते. योजनेचा अहवाल लिहिताना किती संच बसविले याची संख्या आपण नेहमी देतो. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना वाढवावा : या महिन्यात विद्यार्थ्यांनी किती प्रश्न विचारले आणि त्यांपैकी किती प्रश्नांना उत्तर मिळाले. तो रकाना भरू लागला, की आपल्या गावी ज्ञानगंगा पोहोचली आहे असे खात्रीने म्हणता येईल.