बुरशी वनस्पती नाही, प्राण्यांची नातलग: फवारणीआधी हे का समजून घ्यावे?

मुक्ताईनगर, रावेर, यावल या केळी पट्ट्यात पावसाळी दमट हवेत केळीच्या पानांवर करपा (सिगाटोका) वाढतो. हा बुरशीजन्य रोग आहे. बुरशी जागची हलत नाही, म्हणून ती वनस्पतीच्या जवळची वाटते. प्रत्यक्षात तिचे जवळचे नाते प्राण्यांशी आहे. १९९३ मध्ये जनुकीय तुलनेतून याचे भक्कम पुरावे मिळाले. दोघांचा समान पूर्वज साधारण १०० कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो.

नाते कशावरून दिसते?
• बुरशीत हरितद्रव्य नसते. प्राण्यांप्रमाणे ती तयार अन्नावर जगते.
• वनस्पती अन्न स्टार्चच्या रूपात साठवतात. बुरशी आणि प्राणी ग्लायकोजेनच्या रूपात.
• बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते. किडींच्या कवचातही तेच असते.

औषध निवडताना उपयोग
बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असते, आपल्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल. प्रोपिकोनॅझोल, हेक्साकोनॅझोल ही ट्रायझोल गटातील औषधे अर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत.

काकडीवर्गीय पिकांतील भुरी ही खरी बुरशी आहे. केवड्याचा रोगकारक मात्र तपकिरी शैवालांचा नातलग आहे. त्याच्या भित्तिकेत सेल्युलोज असते आणि तो अर्गोस्टेरॉल बनवत नाही. त्यामुळे केवड्यावर ट्रायझोल फवारल्यास खर्च वाया जातो. उलट, केवड्यासाठीचे मेटालॅक्झिल भुरीवर चालत नाही.

ओळख अशी करा
• भुरी: पानावर पांढरी पावडर, बोटाने पुसली जाते.
• केवडा: पानाच्या वरून शिरांमध्ये अडकलेले पिवळे कोनाकार ठिपके, सकाळी खालून करडी-जांभळट वाढ.

काळजी
• ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशीच आहे. तिच्यासोबत रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी करू नका.
• माणसाच्या बुरशीजन्य आजारांवरील फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही औषधेही ट्रायझोल गटातीलच. बुरशी आपल्या जवळची असल्याने तिला मारणारी, पण आपल्याला न बाधणारी औषधे मोजकीच आहेत. शेतातील ट्रायझोलच्या वापरामुळे अॅस्परजिलस बुरशीत या औषधांना प्रतिकार वाढल्याचे काही देशांत आढळले आहे. म्हणून एकाच गटाचे औषध लागोपाठ फवारू नका, मात्रा लेबलप्रमाणेच ठेवा आणि फवारताना हातमोजे व मास्क वापरा.

रोग ओळखता येत नसेल, तर रोगट पान सहायक कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना दाखवूनच औषध घ्या.