भांड्याचा गुण अन्नास

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यांत ताक ठेविलें तर तें कळकतें, हें आपल्या घरांतील वडील बायकांस पक्कें ठाऊक होतें. आजच्या डब्यांतून अन्नांत जें उतरतें, त्यास मात्र ना रंग ना चव. तेथें जीभ निरुपयोगी. शास्त्रज्ञांच्या मापावरच विसंबावें लागतें.

पदार्थ विषारी आहे एवढ्यानें निवाडा होत नाहीं. तो रोज किती पोटांत जातो, हें पाहावें लागतें. कठीण पारदर्शक प्लॅस्टिकांत व पत्र्याच्या डब्यांच्या आंतील लेपांत आढळणारें बिस्फेनॉल-ए हें द्रव्य घ्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २०१५ सालीं त्याची रोजची तात्पुरती मर्यादा शरीराच्या दर किलो वजनास ४ मायक्रोग्रॅम ठरविली. २०२३ सालीं ती २०,००० पटींनीं खालीं आणिली. जर्मनीच्या शासकीय संस्थेनें त्याच वर्षीं याहून हजारपट सैल मर्यादा योग्य मानिली. तज्ज्ञांत असा मतभेद असतांही युरोपीय संघानें २०२४ च्या अखेरीस अन्नाच्या बहुतेक वेष्टनांत व भांड्यांत त्यास बंदी केली.

माप वजनावर आहे, हें विसरूं नये. साठ किलोंच्या माणसास जो अंश पचेल, तोच दहा किलोंच्या बाळास सहापट होतो.

मापें पुढेंही बदलतील. परंतु उष्णता, आंबटपणा, तेल व दीर्घ काळ यांनीं हा उतार वाढतो, हें निश्चित. म्हणून कढत आमटी स्टीलच्या भांड्यांत व लोणचें कांचेच्या बरणींत ठेवावें. बाळाचें दूध तर प्लॅस्टिकांत कधींच तापवूं नये.