व्यावसायिक संघटनांतील स्थानिक स्वायत्तता व केंद्रीय नियंत्रण : अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा अनुभव

प्रस्तावना

कोणत्याही मोठ्या व्यावसायिक संघटनेच्या रचनेत दोन परस्परविरोधी प्रेरणा कार्यरत असतात. व्यवसायाचा दर्जा, समान आचारसंहिता आणि शासनदरबारी प्रतिनिधित्व यांसाठी मध्यवर्ती सत्ता आवश्यक ठरते. याउलट सभासदांचा प्रत्यक्ष सहभाग आणि स्थानिक प्रश्नांची जाण या गोष्टी शाखांच्या पातळीवरच शक्य होतात. म्हणून शाखांना स्वायत्तता किती द्यावी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. वस्तुतः ती कोणत्या विषयांत द्यावी हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. अमेरिकेतील डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या इतिहासाच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संघटनेची जडणघडण

अमेरिकन मेडिकल असोसिएशनची स्थापना 1847 मध्ये फिलाडेल्फिया येथे झाली. प्रारंभी तिचे स्वरूप विविध वैद्यकीय संस्थांच्या प्रतिनिधींच्या वार्षिक अधिवेशनासारखे होते. 1901 मध्ये तिची पुनर्रचना करण्यात आली आणि काउंटी संस्था, राज्य संस्था व राष्ट्रीय प्रतिनिधी सभा अशी त्रिस्तरीय व्यवस्था अस्तित्वात आली. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग होय. राष्ट्रीय सभासद होऊ इच्छिणाऱ्या डॉक्टरला प्रथम आपल्या काउंटी संस्थेत प्रवेश मिळवावा लागे.

संघटनेच्या दृष्टीने ही रचना अत्यंत यशस्वी ठरली. 1900 च्या सुमारास सुमारे 8,000 असलेली सभासदसंख्या 1910 पर्यंत 70,000 वर गेली, म्हणजे देशातील जवळजवळ निम्मे डॉक्टर संघटनेत आले. स्थानिक संस्थेच्या सभासदत्वाचे व्यावहारिक लाभही मोठे होते. रुग्णाने भरलेल्या खटल्यात बचावासाठी साहाय्य मिळे, परिचित डॉक्टरांकडून रुग्ण पाठविले जात आणि अनेक रुग्णालये आपल्याकडे काम करू देण्यासाठी या सभासदत्वाची अट घालत. अशा रीतीने स्थानिक संस्था हे व्यवसायात स्थिरावण्याचे प्रमुख प्रवेशद्वार बनले.

‘स्थानिक प्रश्न’ या भूमिकेचे परिणाम

हे प्रवेशद्वार सर्वांसाठी खुले नव्हते. पुनर्रचनेच्या तीन दशके आधीच त्याची चुणूक दिसली होती. वॉशिंग्टन येथील स्थानिक वैद्यकीय संस्थेने 1869 मध्ये पात्रताधारक कृष्णवर्णीय डॉक्टरांना सभासदत्व नाकारले. त्यांनी काही श्वेतवर्णीय सहकाऱ्यांसह नवी संस्था स्थापन केली. परंतु 1870 च्या राष्ट्रीय अधिवेशनात तिच्या प्रतिनिधींना स्थान देण्यात आले नाही. 1874 मध्ये कोणत्या स्थानिक संस्थांना मान्यता द्यावी हे ठरविण्याचा अधिकार राज्य संस्थांकडे सोपविण्यात आला. दक्षिणेकडील राज्यांत त्याचा परिणाम उघड होता. कृष्णवर्णीय डॉक्टरांनी अखेर 1895 मध्ये अटलांटा येथे नॅशनल मेडिकल असोसिएशन ही स्वतंत्र संघटना स्थापन केली.

त्यानंतर अनेक दशके राष्ट्रीय नेतृत्वाचे उत्तर एकच होते : सभासदत्व हा स्थानिक संस्थांच्या अखत्यारीतील विषय असून केंद्र त्यात हस्तक्षेप करू शकत नाही. हे उत्तर तपासून पाहणे आवश्यक आहे. न्यूयॉर्क राज्य संस्थेने 1882 मध्ये आपली आचारसंहिता बदलून होमिओपॅथीसारख्या पद्धतींच्या कायदेशीर पात्रताधारकांशी सल्लामसलत करण्यास मुभा दिली, तेव्हा राष्ट्रीय संघटनेने तिच्या प्रतिनिधींना प्रवेश नाकारला होता. म्हणजे शाखेला शिस्त लावण्याचे सामर्थ्य केंद्राकडे होते. वैद्यकीय पद्धतीच्या प्रश्नावर ते वापरले गेले, वर्णभेदाच्या प्रश्नावर नाही. स्वायत्ततेचे तत्त्व येथे सोयीनुसार पुढे करण्यात आले, असेच म्हणावे लागते.

1950 मध्ये प्रतिनिधी सभेने वर्णाधारित निर्बंध असलेल्या संस्थांना त्यांचा फेरविचार करण्याचे आवाहन केले. मात्र ते बंधनकारक नव्हते. 1963 मध्ये अटलांटिक सिटी येथील अधिवेशनाबाहेर डॉक्टरांनी निदर्शने केली. वर्णभेद करणाऱ्या घटक संस्थेला काढून टाकण्याचा अधिकार न्याय परिषदेला 1968 मध्ये मिळाला. 1870 पासून मोजल्यास यासाठी 98 वर्षे लागली. या इतिहासाबद्दल संघटनेने जुलै 2008 मध्ये जाहीर क्षमायाचना केली.

भारतीय संदर्भ

आपल्याकडील संघटनांतही हे दोन्ही नमुने आढळतात. 1928 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन मेडिकल असोसिएशनची रचना स्थानिक शाखा, राज्य शाखा व मुख्यालय अशी आहे. 1949 च्या कायद्याने निर्माण झालेली सनदी लेखापालांची संस्था मात्र केंद्रानुवर्ती आहे. तिची सभासदनोंदवही मध्यवर्ती परिषद ठेवते, तर मुंबईसह पाच ठिकाणच्या विभागीय परिषदांचे कार्य मुख्यतः सल्ला व साहाय्य देण्याचे आहे. पहिली ऐच्छिक संघटना तर दुसरी वैधानिक नियामक संस्था असल्याने त्यांची तुलना मर्यादितच राहील. तरीही सभासदत्व हीच व्यवसायाची पूर्वअट असेल तेथे ते स्थानिक मर्जीवर ठेवता येत नाही, हे तत्त्व दुसऱ्या रचनेतून स्पष्ट होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

1. व्याख्याने, प्रशिक्षण, स्थानिक आरोग्यप्रश्न, निधीचा विनियोग इत्यादी कार्यपद्धतीच्या बाबतींत शाखांना व्यापक स्वायत्तता असणे हितावह आहे.

2. सभासदत्वाचे निकष व ते नाकारण्याची कारणे सर्वत्र समान असावीत आणि नकाराविरुद्ध शाखेबाहेर दाद मागण्याची सोय असावी.

3. केंद्राने शाखेला एकमेव प्रवेशद्वार ठरविले असेल, तर त्या द्वारावर घडणाऱ्या अन्यायाची जबाबदारी केंद्राला टाळता येत नाही.

स्वायत्तता हे संघटनेच्या सोयीसाठी स्वीकारलेले साधन आहे. तिच्या आधारे एखाद्या सहव्यावसायिकाचा समान हक्क नाकारला जात असेल, तर तेथे केंद्रीय हस्तक्षेप हे केंद्राचे कर्तव्य ठरते.